फ्लायवर फ्लॅटहेड: आधी एकदा रॉड घरी ठेवून खाडी बघून या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की पुण्याहून सिडनीला येऊन दोन वर्षं झाली, थ्रेडबो नदीवर ट्राउटसाठी घेतलेला ६ वेटचा (वेट म्हणजे रॉडच्या ताकदीचा नंबर) फ्लाय रॉड घरात धूळ खात होता, म्हणून चार रविवार पोर्ट हॅकिंगच्या, म्हणजे सिडनीच्या दक्षिणेकडच्या खाडीच्या, वाळूवर गुडघाभर पाण्यात उभं राहून फ्लाय, म्हणजे हुकवर केस-पिसं बांधून केलेलं नकली आमिष, मारलीत आणि एक फ्लॅटहेड, म्हणजे तो वाळूत पडून राहणारा चपट्या डोक्याचा मासा, लागला नाही, वर शेजारी सॉफ्ट प्लॅस्टिकवाला, म्हणजे शिशाच्या हुकवर मऊ प्लॅस्टिकचं आमिष लावणारा, पोरगा तुमच्या डोळ्यांदेखत दोन घेऊन गेला. मग आता फ्लाय चुकतेय, लाइन चुकतेय, जागा चुकतेय की उथळ खाडीत फ्लायने फ्लॅटहेड हा प्रकारच मुळात हौशी लोकांचे चोचले आहेत?

चोचले आहेतच, ते नाकारत नाही. पण मासा लागतो, आणि चांगला लागतो. मी गेली चौदा वर्षं न्यू साउथ वेल्सच्या किनाऱ्यावर हेच करतोय, पहिला अख्खा सीझन मीही कोरडाच गेलो होतो त्यामुळे तुमचं दुःख कळतं. तुमच्या प्रश्नात मला खटकला तो शब्द म्हणजे "उभं राहून". ट्राउटची सवय आहे ती. नदीत ट्राउट एका जागी तोंड करून असतो, पाणी त्याच्याकडे खाणं आणतं, आपण एका जागी उभं राहून त्याच्यापुढे फ्लाय सोडत राहायची. फ्लॅटहेड वाळूत स्वतःला पुरून घेऊन पडलेला असतो, डोळे तेवढे वर, आणि नाकासमोरून काही गेलं तरच उठतो. हात-दोन हातांवरून फ्लाय गेली तर झडप घालेल, पण दहा मीटरवरून तुमच्या फ्लायसाठी पोहत येणार नाही. म्हणजे मासा बसलेला, तर माणसाने चाललं पाहिजे. आणि कुठे चालायचं ते आधी माहीत पाहिजे, म्हणून माझा पहिला सल्ला फुकटचा आहे, पुढच्या रविवारी रॉड घरी ठेवून जा.

आधी माशाबद्दल दोन शब्द, कारण मालवणकडची मंडळी पहिल्यांदा बघितल्यावर "अरे हा तर लेपा" म्हणतात. लेपा नव्हे. लेपा एका कुशीवर झोपलेला असतो, दोन्ही डोळे एकाच बाजूला. फ्लॅटहेड सरळ पोटावर पडतो, फक्त कोणीतरी डोक्यावर पाट ठेवून दाबल्यासारखं डोकं चपटं, मागे शरीर निमुळतं होत गेलेलं. खाडीत आपल्याला लागतो तो डस्की फ्लॅटहेड, शेपटीवर काळा डाग असतो त्यावरून ओळखायचा. उत्तरेला केर्न्सपासून खाली व्हिक्टोरियातल्या गिप्सलँड लेक्सपर्यंत हा पूर्व किनाऱ्यावर सगळीकडे आहे. मोठ्यात मोठा मीटरच्या वर जातो, पण तुम्हाला रोज लागेल तो ३५ ते ५५ सेंटिमीटरचा. आणि मोठे जे असतात, साठ-पासष्टच्या पुढचे, ते जवळपास सगळे माद्या, हे लक्षात ठेवा, पुढे त्यावर बोलणार आहे. खाणं म्हणाल तर कोळंबी, निपर म्हणजे वाळूत बिळं करून राहणारी ती कोळंबीसारखी यॅबी, खेकडे, छोटे व्हाइटिंग आणि मलेट. गंमत म्हणजे इथला सी मलेट हा आपला बोयच आहे, जात तीच. आणि सँड व्हाइटिंग आपल्या मुडदुशीच्या घराण्यातला. त्यामुळे आजोळी देवगडच्या खाडीवर पाग घेऊन कोणी गेलं असेल तर त्याला इथली उथळ खाडी वाचायला निम्मं आधीच येत असतं.

तर रॉडशिवाय जायचं ते असं. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, सिडनीकडे पूर्ण ओहोटी दुपारी दोन-तीनला येते, उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे असतं तेव्हा आणखी तासभर उशिरा. त्या वेळी पोर्ट हॅकिंगच्या काठावरच्या मेइनबार गावासमोरचा वाळूचा पट्टा असा उघडा पडतो की आपण कुठे पाण्यात उभे राहत होतो ते चपला हातात घेऊन चालत बघता येतं. कडेकडेने चाला आणि खाली बघा. वाळूत तुम्हाला खळगे दिसतील. पाकटाचे मोठे, गोल, परातीएवढे, ते सोडून द्या. त्यांच्यात मधूनच एक उथळ ठसा दिसतो, पुढून रुंद त्रिकोणी आणि मागे शेपटीकडे बोटाएवढा बारीक, अगदी उलथन्याचा ठसा ओल्या पिठात उमटावा तसा. तो फ्लॅटहेडचा बिछाना. कडा अजून धारदार असतील तर मासा याच ओहोटीला उठून गेलाय, कडा विरघळल्या असतील तर जुना. मी पहिल्यांदा असे ठसे मोजले तेव्हा टेनिस कोर्टाएवढ्या तुकड्यात अकरा होते, आणि त्याच तुकड्यावर मी आदल्या महिन्यात तीन तास उभा राहून घरी हात हलवत गेलो होतो. अकराच्या अकरा ठसे मी जिथे उभा राहायचो त्याच्या मागे, म्हणजे किनाऱ्याच्या बाजूला होते! मी माशांना तुडवून पुढे जात होतो आणि मग लांबच्या खोल पाण्यात झोकदार कास्ट करत होतो.

आता त्या ठशांचा अर्थ नीट लावला पाहिजे, नाहीतर लोक ठसे बघतात आणि ओहोटीला तिथेच फ्लाय मारत बसतात. ठसे म्हणजे भरतीच्या वेळची पंगत कुठे बसली होती ती जागा. पाणी चढलं की छोटे मासे आणि कोळंबी वाळूवर चरायला येतात, मागोमाग फ्लॅटहेडही येऊन पडतो. पाणी उतरायला लागलं की हे सगळं लटांबर बाहेर पडतं, आणि बाहेर पडायचे रस्ते ठरलेले असतात, वाळूतल्या त्या पन्हळी, चर, गवताच्या दोन पट्ट्यांमधली ती मोकळी वाळू. ओहोटीला तुम्हाला त्यातून अजून पाणी झुळझुळ वाहताना दिसेल. तो चर जिथे खोल चॅनलला मिळतो तिथे बघा, हलका पिवळा रंग संपून एकदम हिरवा सुरू होतो. ओहोटीच्या उत्तरार्धात फ्लॅटहेड त्या उंबरठ्यावर येऊन बसतो, लग्नाच्या हॉलच्या दारात पाहुणे बाहेर पडायची वाट बघत रिक्षावाले थांबतात तसा. तुमची फ्लाय त्या दारातून, पाण्याच्याच दिशेने, बाहेर पडणाऱ्या कोळंबीसारखी निघाली पाहिजे.

मोबाइलवर फोटो काढून ठेवा, किनाऱ्यावरचं एखादं झाड किंवा जेटीचा खांब खुणेला धरा. पाणी भरलं की सगळं एकसारखं दिसतं आणि आपली फसगत होते.

वेळेचं म्हणाल तर ओहोटीचे शेवटचे दोन-तीन तास आणि भरतीचा पहिला तास, बाकी वेळ घरच्यांना द्या. टाइड टेबलमध्ये सिडनीसाठी दिलेली वेळ फोर्ट डेनिसनची, म्हणजे सिडनी हार्बरमधल्या छोट्या बेटाची, असते, तुमच्या खाडीत जितकं आत जाल तितका उशीर होतो, कुठे अर्धा तास कुठे दोन तास, ते एकदा जाऊन स्वतः घड्याळ लावून बघायचं. लेक मॅक्वारीसारख्या ठिकाणी तर आत तळ्यात भरती-ओहोटी जवळपास जाणवतच नाही, तिथे तळं समुद्राला जोडणाऱ्या स्वॉन्सी चॅनलच्या जवळपास राहायचं किंवा मग गवताच्या कडा धरायच्या. उधाणाची ओहोटी दुपारी येते असं वर म्हटलं, त्यातली गोम अशी की आठवड्याने, अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत ती ओहोटी सकाळी आठ-नऊला येते. म्हणजे उधाणाला दुपारी जाऊन जागा बघायची आणि पुढच्या रविवारी पहाटे उजाडता रॉड घेऊन हजर. भांगाला पाणी फार उतरत नाही हे खरं, पण वारा नसतो, होड्यांची वर्दळ नसते, आणि उन्हाळ्यात अकरा-बाराला तो ईशान्येचा वारा सुटला की ६ वेटने जड फ्लाय टाकणं म्हणजे शिक्षाच असते.

सीझन ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत. थंडीत लागत नाहीत असं नाही, पण सुस्त असतात आणि बरेचसे खोलात. मोठा पाऊस पडून वरून चहासारखं पाणी आलं की मासे खाली मुखाकडे सरकतात, मग तुम्हीही खाली सरका. आणि उन्हाळ्यात अमावास्येच्या काळोख्या रात्री इथे कोळंबी खाडीतून बाहेर समुद्राकडे निघते, लोक दिवे आणि जाळी घेऊन ती पकडायला उतरतात ते बघितलंच असेल, त्या दिवसांत कोळंबीसारखी फ्लाय बांधा, एरवीपेक्षा लहान चालेल.

आता सामान. ६ वेट चालेल, नवीन रॉड घेऊ नका. घ्यायचाच असता तर ७ किंवा ८ सांगितला असता, वाऱ्यासाठी आणि जड फ्लायसाठी, माशाच्या ताकदीसाठी नव्हे. रील मात्र ट्राउटचा असेल तर खारं पाणी त्याला खाऊन टाकेल, दर वेळी घरी आल्यावर गोड्या पाण्याच्या बादलीत रॉडची कडी आणि रील बुडवून धुवा, मी एकदा गाडीच्या डिकीत चार दिवस विसरलो आणि ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक, असा जाम झाला की शेवटी त्याचा पेपरवेट झाला. लाइन फ्लोटिंगच, म्हणजे पाण्यावर तरंगणारीच, ठेवा, निदान पहिलं वर्ष. कमरेपर्यंतच्या पाण्यात नऊ-दहा फुटी लीडर (लाइन आणि फ्लायमधला बारीक पारदर्शक दोरा) आणि वजनदार डोळ्यांची फ्लाय असेल तर फ्लोटिंग लाइनवर फ्लाय तळाला जाते, आणि प्रवाहात लाइन वर दिसत असल्यामुळे ती उचलून मेंड करता येते, म्हणजे प्रवाहाच्या वरच्या अंगाला पलटून टाकता येते. इंटरमीडिएट लाइन चॅनलच्या उतारावर कामाची, सेकंदाला तीन-चार सेंटिमीटर बुडते, पण गुडघाभर पाण्यात ती गवतात आणि कालवांत अडकून वैताग आणते. लीडरचं टोक म्हणजे टिपेट १२ ते १६ पाउंडी फ्लुरोकार्बन, आणि त्यापुढे वीतभर २५ पाउंडी तुकडा. हा तुकडा विसरू नका. फ्लॅटहेडचे दात सुळ्यासारखे नसतात, काचपेपरसारखे असतात, एका झटक्यात तोडत नाही पण डोकं हलवून हलवून घासून तोडतो. प्रत्येक माशानंतर तो तुकडा दोन बोटांतून ओढून बघायचा, खरखरीत लागला की कापून नवा. फ्लायला गाठ लूपची बांधा, घट्ट गाठीने फ्लाय मेल्यासारखी चालते.

फ्लायच्या डब्यावर लोक पगार उडवतात. मला एकच फ्लाय दिली तर मी क्लाउजर घेईन, क्लाउजर डीप मिनो, अमेरिकेत बॉब क्लाउजरने नदीतल्या बास माशासाठी काढलेली, आता जगभर खाऱ्या पाण्यात चालते. तिची मेख डोळ्यांत आहे. डमरूसारखे धातूचे डोळे हुकच्या दांडीवर अशा बाजूला बांधतात की फ्लाय पाण्यात उलटी होते, हुकचं टोक वर राहतं. त्यामुळे तळावर घासत आणली तरी गवत कमी पकडते, आणि दोन ओढींच्या मध्ये नाक खाली करून बुडते. तेच पाहिजे आपल्याला. हुक १ किंवा १/० नंबरचा, केस म्हणजे बकटेल, हरणाच्या शेपटीचे, पांढरा खाली आणि वर शेवाळी किंवा पोपटी, गढूळ पाण्यात गुलाबी. लांबी तुमच्या करंगळीपेक्षा थोडी जास्त. आणि विरळ बांधा हो! दुकानातल्या फ्लाय दाढीच्या ब्रशसारख्या भरगच्च असतात, त्या बुडतच नाहीत. मी विकत घेतलेल्या फ्लायचे निम्मे केस कात्रीने उडवतो आणि मगच वापरतो. डोळ्यांचं वजन पाण्याप्रमाणे, घोट्याएवढ्या पाण्यात साखळीच्या मण्यांचे हलके डोळे, मांडीएवढ्या पाण्यात मध्यम शिशाचे किंवा पितळी. एकाच रंगाच्या तीन वजनांच्या फ्लाय ठेवा, तीन रंगांच्या एकाच वजनाच्या नकोत.

चार रविवार काही लागलं नाही त्याचं दुसरं कारण मला जवळपास खात्रीने वाटतं की तुमची फ्लाय तळाला गेलीच नव्हती. ट्राउटची फ्लाय, बिनवजनी, वरच्या हातभर पाण्यात, त्याखाली मासा आरामात. ओळखायची खूण सोपी आहे, दर पाच-सहा कास्टमध्ये एकदा तरी फ्लायवर गवताची काडी किंवा हुकला वाळूचा कण आला नाही तर तुम्ही वरच आहात.

आता प्रत्यक्ष पाण्यात. जायचं ते कोरड्या वाळूवरून, आणि पहिली कास्ट कोरड्यावर उभं राहूनच, घोटाभर पाण्यात. हसू नका, माझे निदान पाचवा हिस्सा मासे अशा पाण्यात लागलेत जिथे पाठीचा पर उघडा पडेल. पहाटे तर नक्कीच. कास्ट लांब नको, १२-१५ मीटर भरपूर. डावीकडून सुरू करून पंख्यासारख्या पाच-सहा कास्ट, मग चार पावलं पुढे, परत पंखा. पाय उचलून टाकायचे नाहीत, वाळूत घासत न्यायचे, कारण तिथे पाकटंही पडलेली असतात आणि पाकटावर पाय दिला तर ते शेपटीने काटा मारतं, पाय घासत गेलात तर ते आधीच उठून जातं. चालता चालता पायाजवळून वाळूचा ढग उडून काही सुळकन गेलं आणि पाकट नव्हतं, तर शिवी घालू नका, थांबा. तो फ्लॅटहेड होता, आणि जिथे एक असतो तिथे बऱ्याचदा आणखी असतात. मी तिथेच दहा पावलं मागे येतो आणि त्या पट्ट्यात अगदी वीत वीत अंतराने कास्ट टाकतो.

वजनदार फ्लाय टाकताना ट्राउटसारखा घट्ट नाजूक लूप, म्हणजे हवेत लाइनचा होणारा वळसा, विसरा, लूप उघडा ठेवा, मागची कास्ट बाजूने आणि पुढची वरून, म्हणजे फ्लाय आणि रॉड एका रेषेत येत नाहीत. ते शिशाचे डोळे रॉडच्या टोकावर आपटले की टोक लगेच तुटत नाही, आतून चिरतं आणि पुढच्या माशाला तुटतं. एकदा कानामागे क्लाउजर घेऊन मी इमर्जन्सीत बसलोय, नर्सबाईंनी विचारलं मासा कुठाय, काय सांगणार. टोपी आणि पोलराइज्ड चष्मा कायम, चष्मा फक्त मासे बघायला नाही.

फ्लाय पडली की थांबा. बुडू द्या. लाइन सैल ठेवू नका पण ओढूही नका. रॉडचं टोक पाण्याला टेकवून ठेवा, मग एक हातभर लांब ओढ, आणि थांबा, एक, दोन. परत ओढ. ओढीला फ्लाय तळावरून उडी मारते, थांबलात की नाक खाली करून बसते आणि वाळूचा बारीकसा धूर उडतो, घाबरलेली यॅबी अशीच करते. झडप बहुतेक वेळा त्या थांबण्यात येते, आणि ती झडप म्हणून कळतच नाही, पुढची ओढ घ्यायला जाता आणि लाइन ओल्या गोणपाटात अडकल्यासारखी जड लागते. नवखा माणूस म्हणतो गवत अडकलं आणि रॉड वर उचलतो. तिथेच मासा गेला! रॉड उचलायचा नाही. टोक खालीच, आणि डाव्या हाताने लाइन लांब आणि जोरात ओढायची, ओढत राहायची जोवर वजन हलत नाही. ट्राउटवाल्या हाताला ही सवय मोडायला महिना लागतो, मला दोन लागले. आणि ओढीत चुकलात तरी फ्लाय बाहेर काढू नका, तिथेच पडू द्या, बऱ्याचदा तोच मासा परत येतो.

ओढलेली लाइन पाण्यात पसरते, प्रवाहात पायांभोवती गुंडाळते, कालवांवर घासून कापली जाते. त्याला उपाय म्हणजे हार्डवेअरच्या दुकानातला प्लॅस्टिकचा टब, बंजी कॉर्डने कमरेला बांधायचा, त्यात लाइन साठवायची. दिसायला भाजीवाली टोपली घेऊन पाण्यात उतरल्यासारखं दिसतं, बायकोने फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकलाय, तरी वापरतो.

लागल्यानंतर फ्लॅटहेड ट्राउटसारखा उड्या मारत नाही. आधी मुकाट येतो, तुम्हाला वाटतं लहान आहे, तुमचे पाय दिसले की मग धावतो. त्यानंतर डोकं हलवतो, जोरजोरात, आणि हे डोकं हलवणं पाण्याबाहेर झालं की हुक सुटतो किंवा लीडर घासून तुटतो. टुरॉस लेकला तिसऱ्या का चौथ्या वर्षी मला एक लागला होता, मोठी मादी असणार, गुडघाभर स्वच्छ पाण्यात माझ्याभोवती दोन फेऱ्या मारून शांत झाली, मी खुशीत येऊन रॉड वर केला, फोटोसाठी. डोकं पाण्याबाहेर आलं, तिने तोंड उघडलं, आत पांढरं शुभ्र, माझी मुठीएवढी फ्लाय तिच्या जबड्याच्या कोपऱ्यात शर्टाच्या बटणासारखी दिसत होती. दोनदा डोकं हलवलं, संपलं. ती लगेच पळाली पण नाही, क्षणभर तिथेच होती, मग हळूच वाळूच्या रंगाची होत गेली. तेव्हापासून डोकं पाण्याखाली आणि जाळं माशाच्या पुढून पाण्यात आधीच बुडवून ठेवलेलं, मासा जाळ्यावर ओढत आणायचा, जाळ्याने माशाचा पाठलाग करायचा नाही. जाळं गाठी नसलेलं किंवा रबरी घ्या.

हातात धरताना गालांकडे लक्ष. दोन्ही बाजूंना कल्ल्याच्या झाकणावर काटे असतात आणि मासा मान वळवून ते बरोबर तुमच्या अंगठ्यात घालतो. जखम लहान, पण ठणका तासभर. इथले जुने लोक सांगतात त्याच माशाच्या पोटाचा बुळबुळीतपणा जखमेवर चोळ. मी चोळलाय, उपयोग झाला की नुसतं मनाचं समाधान ते सांगता येणार नाही, घरी येऊन साबणाने मात्र धुवाच. तोंडात अंगठा घालून बाससारखा धरायला जाऊ नका, काचपेपर आहे तिथे. ओल्या फडक्याने धरा किंवा लिप ग्रिप, म्हणजे जबडा धरायचा चिमटा, वापरा, आणि मोठा असेल तर दुसरा हात पोटाखाली, उभा लटकवू नका.

तुमचा प्लॅस्टिकवाला पोरगा. खरं सांगतो, दोन मीटरपेक्षा खोल पाण्यात तो तुम्हाला कायम हरवणार, त्याचं शिसं सरळ तळाला जातं, आपली लाइन प्रवाहात धनुष्यासारखी वाकते. पण मांडीच्या खालच्या पाण्यात, गवताच्या मधल्या परातीएवढ्या मोकळ्या वाळूत फ्लाय टाकून तिथल्या तिथे दोन इंच हलवत ठेवणं त्याला जमत नाही, त्याला त्याचं आमिष ओढत बाहेर काढावंच लागतं. म्हणून त्याच्या शेजारी उभे राहू नका, तो जिथे "इथे काय असणार" म्हणून चालत ओलांडून गेला तिथे टाका. मधूनमधून टेलर नावाचा धारदार दातांचा मासा येऊन फ्लाय कापून नेईल, ब्रीम येईल, एखादा फ्लाउंडर येईल, चालायचंच.

जागा विचारल्यात. पोर्ट हॅकिंग सोडू नका, चांगली खाडी आहे, फक्त चॅनलच्या कडेला भरती उलटली की मागचा चर आधी भरतो आणि तुम्ही बेटावर अडकता, म्हणून परतीची वाट आधी बघून ठेवा. उत्तरेला ब्रिस्बेन वॉटर, वॉय वॉयकडचे उथळ पट्टे. सुट्टी काढून दक्षिणेला जाणार असाल तर सेंट जॉर्जेस बेसिन आणि टुरॉस. २००२ साली सरकारने तीसेक खाड्या-तळ्यांत व्यावसायिक मासेमारी बंद करून त्या हौशी लोकांसाठी राखल्या, त्यात हे दोन्ही आहेत, लेक मॅक्वारी आणि बॉटनी बेसुद्धा. फरक पडलाय. पॅरामाटा नदी आणि हार्बर ब्रिजच्या पश्चिमेचा भाग घराजवळ पडत असेल तर तिथे सरावाला खुशाल जा, पण तिथला मासा खायचा नाही, तळाच्या गाळात डायॉक्सिन आहे आणि तशी सरकारी सूचनाच आहे.

नियम म्हणजे मासेमारीची फी भरल्याची पावती खिशात किंवा मोबाइलवर, फ्लाय असो वा काठीला दोरी. डस्की फ्लॅटहेड ३६ ते ७० सेंटिमीटरमधलाच ठेवता येतो, दिवसाला माणशी पाच, ७० च्या वरचा परत पाण्यात. क्वीन्सलँड आणि व्हिक्टोरियाचे आकडे वेगळे आहेत, तिकडे गेलात तर तिकडचे बघा. मी स्वतः साठच्या वर ठेवतच नाही, मोठ्या माद्याच अंडी घालणाऱ्या, उन्हाळ्यात खाडीच्या मुखाशी त्या जमतात आणि तेव्हाच आपणही तिथे असतो, थोडी लाज बाळगावी. शिवाय ताटातला मासा ४५ चाच चांगला. कातडं सोलून दोन फिले काढा, मधली काट्यांची ओळ कापून टाका, आगळ-हळद-मीठ लावून अर्धा तास, मग तिखट आणि रवा. तिखल्यात घातलात तर जरा जपून, सुरमईसारखा घट्ट राहत नाही, ढवळलात की मोडतो, रस उकळल्यावर शेवटी सोडायचा आणि पातेलं हलवायचं.

येत्या अमावास्येला दुपारी जाऊन ठसे बघून या आणि चर कुठे चॅनलला मिळतो त्याचा फोटो इथे टाका, त्यावरून कुठे उभं राहायचं, म्हणजे कुठून चालायला सुरुवात करायची, ते सांगतो.